चोळीबांगडीचं गाव

हल्ली आपल्याकडच्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी बंगळूरला असतं. मुलगा नाही तर पुतण्या, भाची नाही तर जावई. वर्षा-दोन वर्षांनी घरातली वडील मंडळी तिकडे जातात आणि मग त्यांना बंगळूर 'दाखवण्याचा' कार्यक्रम होतो. भाड्याची गाडी ठरते. विधानसौध गाडीतूनच, राजवाडा बाहेरून, दोन देवळं चपला हातात घेऊन धावत, एक मॉल, आणि उरलेला सगळा वेळ रहदारीत. रात्री विचारलं तर वडील मंडळी "छान होतं हो" म्हणतात आणि गुडघ्यांना तेल लावून झोपतात.

वाईहून आलेल्या सासूबाईंचाही असाच एक रविवार होऊन गेला होता. त्या दिवशी त्यांनी नऊ ठिकाणं पाहिली आणि त्यातलं एकही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. तशा त्या फिरायला आल्याच नव्हत्या. यजमानांना जाऊन दहा महिने झाले होते. गणपती आळीतल्या घरात एकट्या किती दिवस राहणार, म्हणून मुलगा त्यांना घेऊन आला होता. घर विकायचं, हे त्याच्या बोलण्यात ठरल्यासारखं होतं. "इतक्या लांबून कोण बघणार त्याच्याकडे? पावसाळ्यात कौलं सरकली तर कोण जाणार?" हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घर सासूबाईंच्या नावावर होतं, म्हणून कागद आणून कपाटावर ठेवले होते. सासूबाई नाही म्हणत नव्हत्या आणि सहीही करत नव्हत्या. मधूनच एवढंच म्हणत, "इथं आपलं काय आहे?"

सूनबाई या भांडणात पडली नव्हती. खरं तर भांडण असं नव्हतंच, आणि तोच त्रास होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिनं बुधवारी रजा टाकली आणि सांगितलं, "आई, आज आपण दोघीच जायचं. गाडी नको. चारच ठिकाणं बघू आणि जिथं बरं वाटेल तिथं बसू."

जयनगरहून मेट्रोची हिरवी मार्गिका सरळ उत्तरेला जाते. चारही ठिकाणं तिच्याच आसपास. ज्येष्ठांना घेऊन निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. स्थानकांत लिफ्ट असते, बसायला जागा मिळते आणि रहदारीत दिवस वाया जात नाही. दुसरं म्हणजे तिकडची बहुतेक देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती चार-साडेचारनंतर उघडतात. तेव्हा देवळं सकाळी आणि संध्याकाळी ठेवावीत, राजवाडे-बागा मधल्या वेळात. ठरावीक सहलींना हे का सुचत नाही, कोण जाणे.

सात वाजता निघून त्या संपिगे रोडला उतरल्या आणि रिक्षानं मल्लेश्वरमला गेल्या. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या दाट वस्तीबाहेर मोकळ्या हवेत वसवलेला हा भाग. पुण्यात आदल्याच वर्षी प्लेगनं काय केलं होतं ते सासूबाईंनी आजोळी ऐकलेलं होतं. रस्ते सरळ, झाडं मोठी, सकाळच्या वेळी दारात सडा-रांगोळी. त्याच्या मध्यावर काडुमल्लेश्वराचं देऊळ आहे. 'काडु' म्हणजे कानडीत रान. रानातला महादेव. रान आता उरलेलं नाही, पण पायऱ्या चढून आत गेलं की झाडांची सावली अजून आहे. पिंपळाखाली नागाचे दगड ओळीनं मांडलेले, त्यांच्यावर हळदीकुंकू आणि ओलं दूध.

सूनबाईनं देवदर्शन होऊ दिलं. मग हळूच सांगितलं, "आई, हे देऊळ आपल्या व्यंकोजीराजांचं म्हणतात."

"कुठले व्यंकोजी? तंजावरचे?"

"तेच. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. इथं त्यांचा १६६९ सालचा शिलालेख आहे. या मल्लिकार्जुनाला त्यांनी एक गाव इनाम दिलं होतं."

सासूबाई कट्ट्यावर बसल्या. शाळेत इतिहास शिकलेल्या कुणाही मराठी माणसाला शहाजीराजांची बंगळूरची जहागीर ठाऊक असते, पण ती एका ओळीपुरती. त्या ओळीतलं बंगळूर आणि मुलाच्या कंपनीचं बंगळूर एकच, हे मनात जुळत नाही. सूनबाईचंही जुळलं नव्हतं. कार्यालयातल्या एका कानडी मैत्रिणीनं शिलालेखाचं सांगितल्यावर तिनं वाचून काढलं होतं, ते ती आता बसल्या बसल्या सांगू लागली.

विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे १६३८ मध्ये इकडे आले. शहर होतं केंपेगौडांच्या घराण्याचं. ते घेतल्यावर आदिलशहानं ते शहाजीराजांना जहागिरीत दिलं. राजांनी इथं नुसतं ठाणं ठेवलं नाही, दरबार भरवला. त्या दरबारात संस्कृत, मराठी, कानडी, फार्सी जाणणारे कवी होते. जयराम पिंड्ये यांचं 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य त्यांच्याच आश्रयाचं. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ते पुढे छापून प्रसिद्ध केलं. १६६४ मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. त्यांची समाधीही कर्नाटकातच आहे. मग बंगळूर व्यंकोजींकडे आलं.

"आणि पुढे?" सासूबाईंनी विचारलं.

पुढे व्यंकोजींनी तंजावर मिळवलं आणि ते तिकडेच राहू लागले. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर आले तेव्हा वडिलांच्या दौलतीतल्या वाट्यावरून दोघा भावांमध्ये तेढ आली, लढाईही झाली. शेवटी समेट झाला. त्या समेटात महाराजांनी बंगळूर आणि आजूबाजूचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला, असं मराठी बखरीत सांगितलेलं आहे.

सासूबाईंनी मान वर केली. "चोळीबांगडीला? हे एवढं शहर?"

"तेव्हा एवढं नव्हतं, आई."

"असू दे. पण म्हणजे बाईच्या नावावर झालं की."

देवळासमोर रस्त्यापलीकडे नंदीतीर्थ आहे. १९९७ मध्ये तिथली जागा खणताना मातीखाली देऊळ आणि कुंड सापडलं. दगडी नंदीच्या तोंडातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडते आणि तेच पाणी पुढे कुंडात जातं. कृष्णेच्या घाटावर जन्म काढलेल्या बाईला कुंडाच्या पायऱ्या उतरायला काय लागतं? सूनबाई हात द्यायला पुढे झाली तोवर त्या तळाच्या पायरीवर पोहोचल्या होत्या. पाणी डोळ्यांना लावून त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "मग ते गेलं कसं आपल्या हातातून? हैदरनं घेतलं?"

"नाही. विकलं."

याचं सविस्तर उत्तर मेट्रोत झालं. व्यंकोजी तंजावरला, बंगळूर शंभर कोसांवर. मध्ये परमुलूख, खर्च मोठा, उत्पन्न वेळेवर येईना. म्हैसूरचे चिक्कदेवराज वडियार घ्यायला तयार होते. किंमत ठरली तीन लाख रुपये. पण व्यवहार पुरा होण्याआधीच, १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासिमखान चालून आला. त्यानं शहर घेतलं आणि तेवढ्याच तीन लाखांना ते चिक्कदेवराजांच्या हवाली केलं. जवळजवळ पन्नास वर्षांचा मराठी अंमल असा संपला.

गाडीत गर्दी होती. एका मुलीनं उठून सासूबाईंना जागा दिली होती. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "लांबून कोण बघणार, असंच झालं ना त्यांचं?"

सूनबाई काही बोलली नाही. तिच्या मनात हे वाक्य आधीच येऊन गेलं होतं आणि ते आपल्या तोंडून निघू नये, असं तिला वाटत होतं.

"आणि त्या दीपाबाईंना कुणी विचारलं होतं का विकताना?"

मार्केट स्टेशन आलं. उत्तर न देता उतरता आलं.

कृष्णराजेंद्र मार्केटच्या कोलाहलातून पाच मिनिटं चाललं की कोटे व्यंकटरमणाचं देऊळ लागतं. कोटे म्हणजे किल्ला. चिक्कदेवराजांनी शहर हाती आल्यावर थोड्याच वर्षांत, १६९० च्या सुमारास, हे बांधलं. द्राविडी पद्धतीचे कोरीव खांब, भिंतीवर देवतांच्या लग्नाचे आणि दशावतारांचे देखावे. गाभाऱ्यापुढे शांतता अशी की बाहेर बाजार आहे हे खरं वाटू नये. हे घेणाऱ्याचं देऊळ, हे सूनबाईनं सांगितलं मात्र, सासूबाईंनी ते पुन्हा एकदा नीट बघायला सुरुवात केली. पहिल्यांदा त्यांनी देव पाहिला होता. आता त्या खांब, जोतं, दगडांचे सांधे बघत होत्या, एखाद्या शेजारणीनं नवं घर बांधल्यावर बघावं तशा.

"चांगलं ठेवलंय हो," त्या म्हणाल्या.

शेजारीच टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे. हैदरअलीनं १७८१ मध्ये सुरू केलेला, टिपूनं १७९१ मध्ये पुरा केलेला. त्याच वर्षी कॉर्नवॉलिसच्या इंग्रजी फौजेनं बंगळूरचा किल्ला जिंकला. आयुष्य इथं घालवायला टिपूला काही मिळालं नाही. महाल म्हणून फार मोठा नाही, संगमरवर नाही, झुंबरं नाहीत. सगळं सागवान. उंच खांब, त्यांच्यावर कमानी, वर सज्जे. रंग बराच उडालेला. ज्यांना म्हैसूरच्या राजवाड्याचा थाट डोळ्यांपुढे असतो ते इथं दहा मिनिटांत बाहेर पडतात. सासूबाईंना मात्र तो सगळ्यांत आवडला. खांबाला हात लावून त्या म्हणाल्या, "आपल्या माजघरातले खांब याच लाकडाचे. तेलपाणी लागतं त्याला. 'हे' दर दिवाळीआधी करायचे." दहा महिन्यांत यजमानांचा उल्लेख त्यांनी रडू न येता केला, तो पहिल्यांदा.

दुपारचं जेवण गांधीबाजारात झालं. केळीच्या पानावर भात पडल्यावर वाढप्यानं भांडं पुढे करून विचारलं, "तुप्प?" सासूबाईंनी दचकून सुनेकडे पाहिलं, मग हसून पान पुढे सरकवलं. तूप हा शब्द आपल्याकडे कानडीतूनच आला, हे अभ्यासक सांगतात. भाषेची भिंत भिंत म्हणतो तिला अशा खिडक्या पुष्कळ असतात. अक्का, अण्णा तर आहेतच. बाजारातल्या फुलवालीनं "अक्का" म्हणून अबोलीचा गजरा पुढे केला. सासूबाईंनी हातानंच नको म्हटलं. फुलवालीनं तो तसाच सूनबाईच्या हातात ठेवला आणि पैसे घेतले. सूनबाईनं तो केसांत माळला नाही, पर्समध्ये ठेवला. संध्याकाळपर्यंत पर्स उघडली की त्याचा रंग दिसत होता. अबोलीला वास नसतो, हे बरं.

बसवनगुडीचा नंदी तिथून चालत जाण्याजोगा आहे. वाटेत जिकडे तिकडे शेंगांचे ढीग. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथं भुईमुगाची जत्रा भरते, 'कडलेकायी परिषे'. ती नुकतीच होऊन गेली होती आणि ठेले उठायचे होते. जुनी गोष्ट अशी सांगतात, की इथल्या शेतांत रोज रात्री एक बैल येऊन शेंगा खाऊन जाई. एका शेतकऱ्यानं चिडून त्याच्या डोक्यात काठी घातली, तर बैल जागच्या जागी दगडाचा झाला. मग शेतकऱ्यांनी देऊळ बांधून पहिलं पीक त्याला वाहायचं कबूल केलं. इतिहास सांगतो की देऊळ सोळाव्या शतकात शहराचे संस्थापक केंपेगौडा यांनी बांधलं. नंदी एकाच दगडातला, पंधरा फूट उंच, वीस फूट लांब. तेलानं काळाभोर झालेला. याच टेकडीवरून वृषभावती नदी निघते, असं मानतात. आता तिची अवस्था बघवत नाही, ही गोष्ट वेगळी.

नंदीच्या पायथ्याशी दोड्ड गणपती आहे. दोड्ड म्हणजे मोठा. हाही अखंड दगडाचा. काही दिवशी त्याला लोण्यानं सजवतात. शंभर किलोंहून जास्त लोणी लागतं म्हणे. सासूबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, हा तर आपला ढोल्या!" वाईच्या घाटावरचा ढोल्या गणपती गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधून बसवला. तोही एका दगडात, तोही असाच ऐसपैस. रोजच्या दर्शनाचा देव. येताना त्या त्याचा निरोप घेऊन आल्या होत्या, तो कशासाठी याचा अर्थ सूनबाईला आता लागला. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंना सासूबाई मराठीत ढोल्याची उंची सांगू लागल्या. त्या बाई कानडीत काहीतरी सांगत होत्या, बहुधा लोण्याचं. दोघींचं पाच मिनिटं उत्तम चाललं.

गवीपूरचं गंगाधरेश्वराचं गुहेतलं देऊळ जवळच होतं. मकरसंक्रांतीला संध्याकाळचं ऊन नंदीच्या शिंगांमधून येऊन पिंडीवर पडतं, ते हेच. पण तिथं वाकून जावं लागतं. "ते संक्रांतीला बघू," सासूबाई सहज म्हणाल्या. संक्रांत दीड महिन्यावर होती. परतीचं तिकीट त्याआधीचं होतं, हे दोघींनाही माहीत होतं. त्यावर कुणीच काही बोललं नाही.

शेवटी लालबाग. हैदरअलीनं ही बाग १७६० मध्ये सुरू केली, म्हणजे ढोल्याच्या देवळाआधी दोनच वर्षं. सुरुवातीला चाळीसेक एकरांची. टिपूनं परदेशांतून रोपं, बियाणं आणवलं. १८५६ पासून ती सरकारी वनस्पतिउद्यान झाली. आता दोनशे चाळीस एकर. चीनमध्ये पेकिंगच्या बादशहांची बेइहाई बाग सामान्य लोकांना १९२५ साली खुली झाली. इथं १८८९ मध्ये काचघराची पायाभरणी झाली, तीच मुळी फुलाफळांची प्रदर्शनं भरवायला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून घेतलेली ही लोखंड आणि काचेची इमारत प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात माणसांनी फुलून जाते. पण खरी लालबाग बघायची तर अशा रिकाम्या बुधवारीच. प्रदर्शनात दिसतात ती फक्त पुढच्या माणसाची पाठ आणि त्याचा फोन.

बागेत एक खडक आहे. तीनशे कोटी वर्षांचा, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. त्यावर केंपेगौडांच्या नावाचा बुरूज. सासूबाई अर्ध्यापर्यंत चढून तिथंच बसल्या. खाली हिरवळीवर फुलांनी सजवलेलं मोठं घड्याळ असतं, ते एचएमटीचं, हे सूनबाईनं सांगितलं.

"एचएमटी इथली?"

"इथलीच. घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये इथं सुरू झाला. २०१६ मध्ये घड्याळं करणं बंद करायचं ठरलं."

यजमानांच्या मनगटावर चाळीस वर्षं 'जनता' होतं. रोज सकाळी चहाआधी किल्ली. ते घड्याळ वाईच्या कपाटात, कुलपात होतं. "आणायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "त्यांच्यानंतर किल्ली दिलीच नाही कुणी."

ऊन उतरत होतं. खडकावर कॉलेजातली पोरं फोटो काढत होती, कुणी शेंगा सोलत होतं. सूनबाईला वाटलं, विषय आता काढावा. तिनं काढला नाही. सासूबाईंनीच विचारलं, "तुझं काय मत आहे ग घराबद्दल? तुला कुणी विचारलं नाही ना?"

"नाही विचारलं," ती म्हणाली. "मला वाटतं, ठेवणं अवघड आहे, आई. खरंच अवघड आहे. पण कागद असे कपाटावर ठेवून तुम्ही इथं यायच्या, हे मला आवडलं नाही."

सासूबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. त्यांनी पिशवीतल्या शेंगा काढल्या आणि निम्म्या तिच्यापुढे ठेवल्या.

रात्री जेवणं झाल्यावर मुलगा नेहमीप्रमाणे म्हणाला, "मग, काय काय पाहिलंस आई?" सासूबाईंनी नंदी सांगितला, लोणी सांगितलं, तुप्प सांगितलं. नंतर पदराला हात पुसत कपाटाकडे बघून म्हणाल्या, "ते घेणारे कोण आहेत रे?"

"म्हणजे? एजंटनं आणलेलं गिऱ्हाईक आहे. पुण्याचं."

"ते राहणार आहेत की पाडणार आहेत?"

मुलगा जरा घोटाळला. "ते कुठं विचारलंय?"

"मग विचार. आणि सही करायची असेल तर मी तिथं जाऊन करीन. माजघरात बसून. इथं नाही."

मुलानं बायकोकडे पाहिलं. ती पर्समधून अबोलीचा गजरा काढून देवापुढे ठेवत होती. त्यानं फोन उचलला, नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. "उद्या विचारतो," तो म्हणाला.

"विचार," सासूबाई म्हणाल्या, आणि उद्याच्या आमटीला डाळ भिजत घालायची का, म्हणून सुनेला विचारायला आत गेल्या.